सिगारेट आणि व्हेप: रोजचा खर्च सिगारेटींमध्येच मोजा

व्हेप म्हणजे ई-सिगारेट: निकोटिनचं लिक्विड बॅटरीवर तापवून त्याची वाफ ओढायचं यंत्र. ते घेतलं की पैसे वाचतात, असं दहापैकी नऊ जण सांगतात. किती वाचतात, असं विचारलं की मात्र कुणालाच आकडा देता येत नाही. पंधरा वर्षं सिगारेट ओढून मी व्हेपवर आलो, तेव्हा मलाही तो देता येत नव्हता. विकणाऱ्याने सांगितलं होतं, 'एकदा यंत्र घ्या, मग खर्चच नाही.' पहिल्या महिन्याची वही जुळवली तेव्हा कळलं, की खर्च आहेच. फक्त तो पाकिटासारखा समोर दिसत नाही, तुकड्यातुकड्यांनी होतो. ते तुकडे कसे गोळा करायचे, ते इथे क्रमाने सांगतो.

त्याआधी दोन गोष्टी. जो माणूस सिगारेट ओढत नाही, त्याचा आजचा खर्च शून्य आहे आणि शून्याहून स्वस्त व्हेप जगात कुठेच मिळत नाही. निकोटिनची सवय लागते, मग ते धुरातून येवो की वाफेतून. म्हणून हा लेख फक्त सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांसाठी आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. सिंगापूर, थायलंड, ब्राझील इथेही विक्रीला बंदी आहे आणि सिंगापुरात तर जवळ बाळगणंही गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून हे यंत्र फक्त औषधांच्या दुकानातून मिळतं. बंदी असलेल्या देशात राहत असाल तर हा हिशेब तिथेच थांबतो, कारण चोरट्या बाजारातल्या लिक्विडमध्ये काय भरलंय याची हमी कुणीच देत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसाच्या इजेची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण गेले. त्यातल्या बहुतेकांनी गांजातला घटक असलेलं, बरंचसं बेकायदा मार्गाने आलेलं लिक्विड ओढलं होतं आणि त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. असं 'स्वस्त' लिक्विड कुठल्याच वहीत बसत नाही. पण बंदी असलेल्या देशांतल्या वाचकांनाही पहिली पायरी आणि शेवटचा भाग उपयोगी पडेल.

पायरी पहिली: सिगारेटींची खरी मोजदाद

'रोज साधारण दहा ओढतो' हे वाक्य जवळजवळ नेहमीच खोटं निघतं. माणूस मुद्दाम खोटं बोलत नाही, त्याने मोजलेलंच नसतं. सात दिवस पाकिटात एक कागदाची चिठ्ठी ठेवा आणि सिगारेट काढली की पेटवायच्या आधी एक रेघ मारा. चार उभ्या, पाचवी आडवी. मित्राला दिलेली सिगारेटही मोजा, कारण पैसे तुमचेच गेले. अर्धी ओढून विझवलेलीही मोजा. आणि सुट्टीचे दोन दिवस त्यात आलेच पाहिजेत. माझा अंदाज रोज दहाचा होता, चिठ्ठीवर सरासरी पंधरा निघाली. शनिवारी तर रेघांना जागा पुरली नाही, चिठ्ठी उलटी करून मागे लिहावं लागलं.

आता पाकिटाच्या किमतीला आतल्या सिगारेटींच्या संख्येने भागा. कुठे पाकीट दहाचं असतं, कुठे वीसचं, कुठे पंचवीसचं. म्हणून पाकीट हे माप धरू नका, एक सिगारेट हे माप धरा. लायटर, कपड्यांना पडलेली भोकं हा वरखर्च असतो, पण तो लहान आहे. सध्या सोडून द्या.

पायरी दुसरी: चलन बदला

इथून पुढे पैशांत मोजायचंच नाही. प्रत्येक वस्तूची किंमत सिगारेटींत लिहायची. लिक्विडची बाटली घ्यायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात किती सिगारेटी आल्या असत्या? तेवढी त्या बाटलीची किंमत. पैशांचे आकडे डोक्यातून निसटतात, पण सिगारेटीचा आकडा ओढणाऱ्याला बरोबर जाणवतो. शिवाय तुम्ही कुठल्याही देशात असा, ही पद्धत चालते.

खाली समजावण्यापुरते काही आकडे घेतो. १० मिलीची बाटली १० सिगारेटींना, एक पॉड (लिक्विड भरायची छोटी डबी, आत तापणारी तार असलेली) ८ सिगारेटींना आणि भरता येणारं साधं यंत्र ५० सिगारेटींना. हे आकडे माझे, उदाहरणापुरते. वाचताना शेजारी तुमचे लिहीत जा.

पायरी तिसरी: व्हेपच्या खर्चाचे तुकडे

यंत्र, कॉइल किंवा पॉड, लिक्विड आणि वीज असे चार तुकडे होतात. वीज आधी निकालात काढू. १००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी साधारण ३.७ वॅट-तास ऊर्जा धरते. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरली तरी एका युनिटमध्ये दोनशेच्या आसपास वेळा ती भरते. म्हणजे विजेचा खर्च वहीत लिहिण्याइतकाही नाही.

यंत्राचं आयुष्य बॅटरीवर ठरतं. लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा चार्ज केली की तिचा दम कमी होतो. रोज एकदा चार्ज होणारं यंत्र दहा महिने चाललं असं धरा. ५० सिगारेटींचं यंत्र म्हणजे महिन्याला ५. दुकानात सगळे याच किमतीवर घासाघीस करतात, पण पूर्ण हिशेबात तिचा वाटा सगळ्यात लहान.

खरा खर्च लिक्विड आणि कॉइलमध्ये आहे. कॉइल म्हणजे तारेचं छोटं वेटोळं आणि त्याला लागून कापूस. कापूस लिक्विड शोषतो, तार तापते आणि वाफ होते. साधारण एक ते दोन आठवड्यांत कॉइल काळी पडते आणि चव करपट होते. गोड लिक्विडमध्ये सुक्रालोज असेल तर ते तारेवर जळून बसतं आणि कॉइल त्याहून लवकर जाते. खूप गोड चवीची हौस असेल तर कॉइलचा आकडा वाढवून लिहा.

माझा पहिला पॉड सहा झुरक्यांत गेला. भरला आणि लगेच ओढला. कापूस आतून कोरडाच होता. घशाला कागद जळल्यासारखा चटका बसला आणि तो वास नंतर त्या पॉडमधून गेलाच नाही. आठ सिगारेटींची वस्तू तशीच कचऱ्यात. नवा पॉड भरला की पाच ते दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग पहिले झुरके हलके घ्यायचे, एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दुसरी चूक दाट लिक्विडची. लिक्विड मुळात दोन द्रवांचं असतं, पातळ प्रोपिलीन ग्लायकोल आणि दाट वनस्पतिजन्य ग्लिसरीन. लहान पॉडमध्ये ही दोन्ही निम्मेनिम्मे असलेलं लिक्विड चांगलं शोषलं जातं. ७० टक्के ग्लिसरीनचं लिक्विड घट्ट असतं, कापसात वेळेत शिरत नाही आणि कॉइल जळते. बाटलीवर हे प्रमाण छापलेलं असतं. विकत घेण्याआधी वाचा.

पायरी चौथी: तीव्रता आणि मिली यांचं गणित

इथे जरा थांबून वाचा, कारण नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

बाटलीवर तीव्रता मिलीग्रॅम प्रति मिली अशी लिहिलेली असते. २ टक्के म्हणजे २० मिलीग्रॅम. युरोपीय संघात जास्तीत जास्त २० ची परवानगी आहे, निकोटिनची बाटली १० मिलीहून मोठी नको आणि यंत्रातली लिक्विडची टाकी २ मिलीहून मोठी नको. नवखा माणूस 'कमी निकोटिन बरं' म्हणून ३ ची बाटली उचलतो. पण शरीराला सवय असते ठरावीक निकोटिनची. तेवढं मिळेपर्यंत हात यंत्र सोडत नाही. २० च्या लिक्विडचे २ मिली म्हणजे ४० मिलीग्रॅम निकोटिन. ३ च्या लिक्विडमधून तेवढंच घ्यायचं तर १३ मिलीहून जास्त लागतात. एकीकडे एक बाटली पाच दिवस पुरते, दुसरीकडे एका दिवसातच संपते. वर घसा कोरडा, कॉइलवर ताण आणि तलफ भागत नाही ती नाहीच.

म्हणून यंत्राचे दोन प्रकार वेगळे ओळखा. पहिल्या प्रकारात सिगारेटसारखी आधी तोंडात वाफ घेऊन मग आत ओढायची असते. त्याची कॉइल साधारण १ ओहमच्या (तारेच्या विद्युत रोधाचं माप) आसपास असते आणि दिवसाला २ ते ४ मिली लागतात. दुसऱ्या प्रकारात वाफ थेट छातीत जाते, ढग मोठे निघतात, कॉइल अर्ध्या ओहमच्या खाली असते आणि दिवसाला ५ ते १५ मिली सहज उडतात. दुसऱ्या प्रकारासाठी मोठ्या बाटल्या मिळतात. त्यात ५० मिली बिननिकोटिनचं लिक्विड असतं आणि १० मिलीची १८ तीव्रतेची कुपी त्यात ओतायची असते. ६० मिलीत १८० मिलीग्रॅम, म्हणजे तीव्रता ३. मिलीमागे ते स्वस्त पडतं, पण मिलीच इतके लागतात की स्वस्ताई तिथेच विरघळते. सिगारेट सोडायला निघालेल्या माणसाला मी पहिलाच प्रकार सांगेन.

आणखी एक. 'एक पॉड म्हणजे एक पाकीट' हे समीकरण हिशेबात धरू नका. सिगारेटमधल्या तंबाखूत साधारण १० ते १४ मिलीग्रॅम निकोटिन असतं आणि शरीरात त्यातलं एक-दीड मिलीग्रॅम पोचतं. व्हेपमधून किती पोचतं, ते यंत्रावर आणि ओढण्याच्या पद्धतीवर ठरतं. 'अमुक इतके पफ' हा छापील आकडाही तसाच, कारण तो लहान, ठरावीक झुरक्यांवर काढलेला असतो. भरवसा एकाच मापावर ठेवा: बाटली. बाटली उघडली त्या दिवशी पेनने तिच्यावर तारीख लिहा, आणि संपली की दिवस मोजा. १० भागिले दिवस हा तुमचा खरा आकडा.

पायरी पाचवी: बेरीज

रोज पंधरा ओढणारा माणूस महिन्याला ४५० सिगारेटी ओढतो. तो पूर्णपणे व्हेपवर आला, २० चं लिक्विड घेतलं आणि दिवसाला ३ मिली लागलं असं धरू. महिन्याला ९ बाटल्या म्हणजे ९० सिगारेटी. तीन पॉड म्हणजे २४. यंत्राचे ५. एकूण ११९, दिवसाला जेमतेम ४. पंधराच्या जागी चार.

पण पहिला महिना असा जात नाही. यंत्राचे ५० एकदम जातात. न आवडलेल्या चवीच्या तीन बाटल्या कपाटात पडतात, त्या ३०. दोन पॉड नवशिकेपणात जळतात, ते १६. बेरीज २१०, दिवसाला ७. हे आधीच लिहून ठेवलं तर महिनाअखेरीला 'फसलो' असं वाटत नाही. दिवसाला साधारण अकरा सिगारेटी वाचत असतील, तर यंत्र आणि वाया गेलेला माल मिळून ९६ चा खड्डा नऊ दिवसांत भरतो. चव निवडताना एकावेळी एकच लहान बाटली घ्या, म्हणजे ते ३० देखील कमी होतील.

आता त्याच माणसाने वापरून फेकायचं यंत्र घेतलं तर बघा. त्यात २ मिली असतात. किंमत १२ सिगारेटी धरू. दिवसाला ३ मिली म्हणजे दीड यंत्र, महिन्याला ४५ यंत्रं, ५४० सिगारेटी. सिगारेटीच स्वस्त पडल्या! वर पंचेचाळीस लिथियम बॅटऱ्या कचऱ्यात. बेल्जियमने जानेवारी २०२५ मध्ये, फ्रान्सने फेब्रुवारीत आणि ब्रिटनने १ जूनला अशा यंत्रांची विक्री बंद केली, त्यामागे हा कचरा आणि मुलांमध्ये पसरलेलं वेड ही मोठी कारणं होती. 'आधी एक स्वस्तातलं घेऊन बघतो' या विचाराने सुरुवात करणारे बहुतेक जण याच चक्रात अडकतात.

दोन्ही चालू ठेवलं तर

ही पायरी नाही, खड्डा आहे. घरात व्हेप, बाहेर सिगारेट. रोज पाच सिगारेटी आणि २ मिली लिक्विड असं चाललं तर महिन्याला १५० सिगारेटी, बाटल्यांचे ६०, पॉड आणि यंत्राचे २९. एकूण २३९, दिवसाला आठ. निम्मे पैसे वाचले असं वाटेल, पण तब्येतीचा फायदा बहुतेक हातचा जातो, कारण रोज थोड्या सिगारेटीही हृदयाला सोडत नाहीत. आणि दोन्ही हाताशी असलं की पाचाच्या सात कधी होतात ते कळत नाही. वहीत सिगारेटीचा वेगळा रकाना ठेवा आणि तो शून्यावर आणायची तारीख ठरवा.

कमी ओढणाऱ्यांनी सावध

रोज तीनच सिगारेटी ओढणाऱ्याचा महिना ९० चा. तो व्हेपवर गेला आणि खरंच १ मिलीवर राहिला तर दोन पॉड धरून खर्च ५१ होईल. पण तो तिथे राहत नाही. सिगारेट संपते, थोटूक विझवावं लागतं, दुसरी पेटवायला उठावं लागतं. व्हेपला असा शेवटच नाही. काम करता करता, गाडीत, झोपायच्या आधी गादीवर, दोन-दोन झुरके चालूच. दिवसाला २ मिली आणि तीन पॉड झाले की बेरीज ८९. पैसे वाचले नाहीत, निकोटिन मात्र वाढलं. कमी ओढणाऱ्याने या वाटेला न जाता थेट सोडण्याचाच प्रयत्न करावा, असं मला मनापासून वाटतं.

जिथे सिगारेटच स्वस्त आहे किंवा माणूस तंबाखू वळून ओढतो, तिथेही गणित बदलतं. सिगारेट निम्म्या किमतीची झाली की आपल्या चलनात बाकी सगळं दुप्पट महाग होतं. वरचे ११९ मग २३८ होतात. व्हेप स्वस्त वाटतं त्यामागे बऱ्याच अंशी सिगारेटीवरचा कर असतो. किरकोळ किमतीत किमान ७५ टक्के कर असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आणि लिक्विडही करातून कायम सुटणार नाही. ब्रिटनने ऑक्टोबर २०२६ पासून मिलीवर सरसकट कर ठरवला आहे, तीव्रता कितीही असो. म्हणजे ३ चं लिक्विड भसाभस ओढणाऱ्याला त्याचा चटका जास्त. विम्याचा हप्ता कमी होईल या आशेवरही राहू नका. कितीतरी विमा कंपन्या व्हेप ओढणाऱ्याला सिगारेट ओढणाऱ्यांतच धरतात.

शेवटची पायरी: हा खर्च कधी थांबणार

ब्रिटनमधल्या धूम्रपान सोडवणाऱ्या केंद्रांत ८८६ जणांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर व्हेप घेतलेल्यांपैकी १८ टक्के जण सिगारेटीपासून दूर होते. निकोटिनचे पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी), गम (चघळायची गोळी) असले उपाय घेतलेल्यांपैकी ९.९ टक्के. हा आकडा सगळे सांगतात. त्याच चाचणीतला दुसरा आकडा खर्चाचा विचार करणाऱ्याने जास्त लक्षात ठेवावा: व्हेपमुळे ज्यांची सिगारेट सुटली, त्यातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते. पॅच-गमवाल्यांत सुटलेल्यांपैकी ९ टक्केच जण ते उपाय अजून वापरत होते.

म्हणून वहीत एक ओळ 'शेवट' अशी असू द्या. सिगारेट पूर्ण सुटून काही महिने झाले आणि पुन्हा ओढावीशी वाटत नसेल, तेव्हा तीव्रता एकेक टप्प्याने उतरवा. २० वरून १२, मग ६, मग ३, मग ०. प्रत्येक टप्प्यावर बाटलीवरची तारीख बघा. तीव्रता निम्मी केली आणि मिली दुप्पट झाले, तर तुम्ही उतरला नाहीत, फक्त खर्च वाढवलात. तेव्हा एक टप्पा मागे जा आणि महिनाभर थांबा. सिगारेटीकडे परत ओढ लागली तरी हेच करा. पॅच आणि गम यांनाही हीच वही चालते. आठवड्याच्या खर्चाला सिगारेटीच्या किमतीने भागलं की झालं, आणि तो खर्च मुळातच काही आठवड्यांचा असतो. डॉक्टरांशी बोलून आधी तेच करून बघायला काहीच हरकत नाही.

उतरताना बाटल्यांचा साठा करू नका, दोन आठवड्यांपुरतंच घ्या. जुन्या तीव्रतेचं थोडं उरलंच तर एकाच ब्रँडचं, एकाच प्रकारच्या निकोटिनचं लिक्विड समसमान मिसळता येतं: १२ आणि ६ मिळून ९. मिसळताना हातमोजे घाला, कारण निकोटिन कातडीतूनही आत जातं. बाटलीवर नवा आकडा लिहा आणि झाकण घट्ट लावून मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. लहान मुलाच्या पोटात त्यातले काही मिली जरी गेले तरी जिवाशी गाठ असते.